सुयेरातला डाव

ते २०२२ साल. चवथ त्या वर्षी ऑगस्टच्या अगदी शेवटच्या दिवशी, बुधवारी आली होती, आणि सोमवारी पहाटे म्हापशाच्या इस्पितळात आमच्या सुनेला, शीतलला, मुलगा झाला. माझ्या भावाचा, यशवंताचा, पहिला नातू. त्याच्या मुलाचा, सागरचा, फोन आला तशी त्याच्या बायकोने, प्रभावतीने, शेजारी वाटायला साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं आणि ते हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"म्हणजे सुयेर," ती म्हणाली.

मूल जन्मलं की आमच्या कुळाला अकरा दिवस सुयेर. देवाला हात लावायचा नाही, कुणाच्या घरी आरतीला जायचं नाही. गणपती मूर्तिकाराच्या चित्रशाळेतच थांबणार, सुयेर फिटल्यावर आणायचा. यशवंताने गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीची चौकट रविवारीच घासून धुऊन छताला टांगली होती. ती तशीच लोंबत राहिली, ना फळ, ना फूल. तिच्याखालून जाताना यशवंत दर वेळी वर बघे आणि दर वेळी नाकातून आवाज काढी. नातवाचा आनंद त्याला नव्हता असं नाही. पण दोन दिवस थांबायला त्या पोराला काय झालं होतं, हे तो माझ्यापाशी चार वेळा बोलला.

रविवारीच गोकुळदासही आला होता, वास्कोहून, त्याच्या मुलीच्या, सेजलच्या, गाडीने. गोकुळदास आम्हा तिघांतला धाकटा. मी थोरली. डिचोलीच्या शाळेत चौतीस वर्षं मुलं शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर चोपड्याला यशवंताच्या घरी परतले. गेल्या वर्षभरात माझं मुख्य काम झालं होतं ते निरोप पोचवण्याचं. एका मेजावर जेवायला बसलेले दोन भाऊ, आणि एक म्हणणार, "आक्का, त्याका सांग, मीठ हयसर दी."

त्याचं कारण सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. आदल्या वर्षी पाचव्या दिवशी गणपती पोचवायला गोकुळदास वास्कोहून बसने निघाला, आणि तो घरी पोचला तेव्हा आम्ही नदीवरून ओल्या कपड्यांनी परत येत होतो. यशवंताच्या डोक्यावर रिकामा पाट, पाटावर नदीची माती. गोकुळदासने ती माती पाहिली, पाणीसुद्धा न पिता तो वळला आणि आल्या वाटेने पुलाकडे चालू लागला. त्याची बायको मनीषा असती तर तिने दोघांनाही झापलं असतं. पण ती त्याच्या आदल्या वर्षी गेली होती.

चवथीच्या दुपारी जेवणं लवकर आटोपली. जेवण तरी काय, भात, डाळ आणि भेंडीची भाजी. शेजारी बाबलीच्या घरात घुमट आणि झांजा वाजू लागल्या. यशवंत उठला आणि त्याने जनेल धाडकन लावून घेतली.

"दादाकाका, उकडता मरे!" सेजल म्हणाली.

"उकडांदे."

"आक्का, त्याका सांग," गोकुळदास म्हणाला, "घरात आणखीय माणसां आसत."

"सांगलां," मी म्हटलं, "आयकला त्याने. आता दोघांय गप रवा."

सेजल वास्कोच्या एका कचेरीत कामाला, सव्वीस वर्षांची, बापासारखी हट्टी. ती उठली. "माझ्या गाडयेत एक खेळ आसा. आत्ये, चल, काढूक मदत कर."

एका खोक्याला मदत कशाला लागते हे मला डिकी उघडल्यावर कळलं. खोकं खाली होतं. त्याच्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी रुंद आणि जड. चादरीचं टोक सुटलं होतं, आतून कोऱ्या फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग दिसत होता. चार ठेंगणे पाय. गणपतीचा पाट.

"पप्पांनी करून घेतलो," सेजल हळूच म्हणाली. "फुडल्या वर्सा वास्कोक वेगळो गणपती. तुका सांगतले ते."

त्याने मला सांगितलंच होतं, त्याच सकाळी, विहिरीपाशी. वेगळा गणपती करायचा तर थोरल्या भावाने मूळ घरातल्या देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं लागतं, त्याशिवाय पाट हलत नाही. "तू त्याका सांग," गोकुळदास म्हणाला होता. मी म्हटलं, सुयेरात नारळ ठेवता येत नाही, बारशापर्यंत थांब. पाट मात्र मी पाहिला नव्हता. बोलणं एक आणि लाकूड एक. मी त्या कोऱ्या पाटावर हात ठेवला आणि मला वाटलं, आमच्या आईने ज्या एका गणपतीसाठी तिघांना एकत्र बसवून करंज्या भरायला लावल्या, तो आता मी जिवंत असताना दोन ठिकाणी जाणार. बारशापर्यंत माझ्या हातात दहा दिवस होते, आणि दहा दिवसांत काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"काकाक कळलां तर?" सेजलने विचारलं.

"कळतलां तेव्हा कळतलां. खोकां काढ."

खेळाचं नाव इंग्रजी होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आम्ही त्याला होडीचा खेळ म्हणतो. मेजावर पुठ्ठ्याची नदी उलगडली. नदीत तीन जुवे, म्हणजे बेटं, जुव्यांवर मिळून बारा लाकडी माणसं, आणि एक होडी. शिवाय आम्हा प्रत्येकाची एक रंगीत सोंगटी. पुराचं पाणी चढत जातं. ते बाजूच्या पट्टीवरच्या तांबड्या रेघेला लागायच्या आत सगळ्यांना पैलतीरी न्यायचं.

यशवंत चष्मा लावून वाकला. बत्तीस वर्षं तो फेरीबोटीवर होता, पूल झाला नव्हता तेव्हा याच चोपड्याहून शिवोलीला. "ह्यो धक्को असो खंयचो? होडी आडवी लागतली ती!"

"काका, खेळ तो."

"खेळ झालो म्हणान धक्को आडवो?" आणि मग, "बरां. जिंकता कोण?"

"सगळे."

"सगळे म्हणजे कोण?"

"आपण पाचय जण. नायतर पाचय जण हरतत."

यशवंताने चष्मा काढला. "मगे मी हरवतलंय कोणाक?"

"पाण्याक."

"पाण्याक कोण हरयता? शाणी मगे!"

प्रभावती म्हणाली, "अहो, पोर सांगता ता आयका तरी," आणि स्वतःला मिळालेलं पान लुगड्याखाली लपवलं. आमच्या घरात पत्ते म्हणजे तीन पिढ्यांचं वेड. पान हातात आलं की ते छातीशी धरायचं, चेहरा दगडासारखा ठेवायचा, हे आम्ही बोलायला लागायच्या आधी शिकलो. सेजल ओरडत राहिली, "काकी, पानां उघडी धरूची! लपवायची कोणापासून?" प्रभावतीने ते पान तेवढ्यापुरतं मेजावर ठेवलं आणि वर हाताचा पंजा ठेवला.

प्रत्येकाला एक काम मिळालं. होडी यशवंताकडे. बांध गोकुळदासकडे, म्हणजे तो चढलेलं पाणी एका घराने खाली आणू शकत होता. पण त्यात एक अट होती. ज्याची पाळी असेल त्याने त्याच्याकडे स्वतः, नाव घेऊन मागायचं. मागितलं नाही तर बांध नाही.

मला त्या अटीचा अर्थ लगेच कळला. सेजलकडे पाहिलं तर ती खोक्याचा पुठ्ठा उगाच सरळ करत होती. नंतर तिने मला शपथेवर सांगितलं की तिने मुद्दाम काही केलं नव्हतं, कामाचे पत्ते पिसून वाटले होते. मी अजून तिच्यावर अर्धाच विश्वास ठेवते.

पहिला डाव आम्ही दहा मिनिटांत बुडालो. दुसरा त्याहून लवकर. यशवंत होडी घेऊन जवळच्या जुव्यावर जाई, दोन माणसं उचली आणि परत येई. बांधाची पाळी आली की तो माझ्याकडे बघे.

"आक्का, त्याका सांग, पाणी खाली कर."

"नाय चलूचां," सेजल म्हणे. "नाव घेवन, स्वतः."

"मगे नको माका बांध."

"आक्का, त्याका सांग," गोकुळदास म्हणे, "बांध फुकट पडान आसा हय."

"आत्येन सांगलेलां धरूचां नाय! पाणी दोन घरां वर!"

तिसऱ्या डावात प्रभावतीने आयत्या वेळी पंजाखालून एक पान काढलं. दोरीचं पान होतं, ते आधी टाकलं असतं तर चार माणसं वाचली असती.

"वयनी! ह्यां कित्याक धरून ठेवलंस?" गोकुळदास कपाळावर हात मारून म्हणाला.

"शेवटच्या हाताक लागतलां म्हणान, भावजी."

"शेवटचो हात नायच ह्यात!"

"ता माका काय म्हायत? पत्ते म्हटल्यार शेवटचो हात असताच."

मी स्वतः चांगली खेळत होते असं कुणी समजू नये. मी दर वेळी माणसं मोजत बसे, वर्गातल्या मुलांसारखी, आणि माझी पाळी निघून जाई. चौथ्या डावाला सेजलने दोन्ही हातांनी डोकं धरलं. तिने मला नंतर सांगितलं, त्या वेळी तिला रडू येत होतं, खेळामुळे नव्हे. आई असती तर या मेजावर काय झालं असतं ते तिला दिसत होतं. आईने काकांच्या हातातली होडी काढून घेतली असती आणि म्हटलं असतं, उठा दोघेय, पाववाल्याकडसून पोई आणा जावन. "पुरे," सेजल म्हणाली, "मी खोक्यात भरतंय."

"भर नको," यशवंत म्हणाला. "एकदा तरी पोचूक व्हयां."

पाचवा डाव मात्र बरा चालला. प्रभावतीने पानं खरोखर उघडी ठेवली, मी मोजणं सोडलं. बांधाची गरज आमच्याच पाळ्यांवर पडत गेली, आम्ही तिघी "गोकुळदास, बांध घाल", "भावजी, बांध", "पप्पा, बांध" असं मागत राहिलो आणि पाणी अडत गेलं. सेजलने पुन्हा बजावलं, एखादा मागे राहिला तरी जीत, फक्त लहान. सगळे पोचले तर मोठी. आणि असं करता करता बाराच्या बारा लाकडी माणसं होडीत आली, आमच्या चार सोंगट्याही होडीत आल्या. उरली फक्त गोकुळदासची निळी सोंगटी, लांबच्या जुव्यावर, बांधापाशी. तिला धक्क्यावर यायला एक पाळी हवी होती. पाळी यशवंताची होती. पाणी तांबड्या रेघेच्या दोन घरं खाली.

"काका, सोड होडी," सेजल म्हणाली. "आता सोडलंस तर जिंकलो. लहान तर लहान."

"सोडा हो!" प्रभावती म्हणाली. "चार फावटी बुडवलास."

"जा म्हणान सांग त्याका, आक्का," गोकुळदास म्हणाला. "माझी सोंगटी रवांदे."

यशवंताचं बोट होडीवर होतं. ते बोट मी पाहत होते. जाड, दोरखंडांनी घासलेलं, नखाशी काळं. जनेलीपलीकडे बाबलीच्या घरची आरती संपत आली होती. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याने मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं, तेही अर्धवट. तो म्हणाला, "माका मेज दिसाच ना, आक्का. पाणी दिसा. गुडघ्यापर्यंत." मूर्ती हातांवर, मागे सगळा वाडा, आणि तो पुलाकडे बघतोय.

"थांबतंय," यशवंत म्हणाला.

"काका!"

"थांबतंय म्हटलां मां. पान काढ."

बांध त्याने तरीही मागितला नाही. सेजलने पाण्याचं पान काढलं. दोन घरं. तिने पाण्याची खुंटी उचलली आणि तांबड्या रेघेवर ठेवली. बारा माणसं, आमच्या चार सोंगट्या, सगळं गेलं.

गोकुळदास उभा राहिला. त्याची खुर्ची मागे पडली.

"कशाक थांबलंस रे?" तो ओरडला. "सतरांतले सोळा होडयेत आसत, समोर धक्को आसा, आणि तू थांबतंस? फेरयेवर बत्तीस वर्सां काय केलंस तू? माशे मारलंस?"

तो माझ्याशी बोलत नव्हता. प्रभावतीच्या ते आधी लक्षात आलं. तिने माझ्या मांडीला चिमटा काढला.

"तुझ्यासाठी थांबलंय," यशवंत म्हणाला.

"आज थांबतंस! पुठ्ठ्याच्या नदयेत थांबतंस! गेल्या वर्सा पाय आखडले तुझे?"

"गेल्या वर्सा अर्धो तास थांबलंय मी. पाण्यात. विचार आक्काक."

"माका भरती शिकव नको. छत्तीस वर्सां बंदरात भरती-ओहोटी लिवली मी. त्या दिसा भरती पावणेसातची. तुमी सवा सहाक परत. आणखी अर्धो तास पाणी होतां!"

"भरतीचां नाव मी खंय घेतलां?"

"वाड्यान घेतलां. दादा काय करतलो, म्हणे ओहोटी लागली असती, देव चिखलात रवलो असतो."

"वाडो बोलता. मी नाय बोललंय." यशवंताने होडी उचलली, तिच्यातली माणसं मेजावर सांडली आणि तो ती एकेक उभी करू लागला. "सगळे विचारी होते, भाव खंय, भाव खंय. काय सांगू? माका वाटलां, तू येवचंच नाय. मनीषा गेली, आता तू आमच्याकडे कित्याक येतलंस? तीच हाडी तुका. माका वाटलां, ह्यां उभां रवणां फुकट. लाज वाटली माका. म्हणान सोडलो."

"येवचो नाय?" गोकुळदासचा आवाज फाटला. "म्हापशाच्या फुडे झाड पडलां, बस दीड तास उभी. फोन मेलेलो. पुलावरसून धावत इलंय मी, ह्या वयात, चपलां हातात घेवन! येवचो नाय म्हणे!"

"ता माका काय म्हायत?"

"विचारूचां होतां!"

"तू तोंड बंद केलंस, विचारतलंय कोणाक? आक्काक?"

आणि मग ते भांडले. तासभर भांडले. आदल्या वर्षावरून ते आईच्या आजारपणावर गेले, तिथून लहानपणी कुणी कुणाची होडी फोडली त्यावर. मी खरं सांगते, इतका कंटाळवाणा आणि इतका आवडलेला तास माझ्या आयुष्यात दुसरा नाही. शेवटी प्रभावतीच वैतागली. "आता परत मांडतास, की मी चाय ठेवू?"

"मांड गो सेजल," गोकुळदास म्हणाला. "ह्या फावटी होडी माका दी. ह्याका बांध घालांदे, एका जाग्यार गप बसतलो."

"होडी तुका? धक्क्याक लावतलंस तरी काय?"

सहाव्या डावातही आम्ही बुडालो. होडी गोकुळदासने बुडवली आणि दोष बांधाला दिला.

संध्याकाळी विहिरीपाशी तो मला म्हणाला, "आक्का, ता पाटाचां सांगलंस काय त्याका?"

"नाय," मी म्हटलं. "वर्सभर तुमचे निरोप पोचवले. आता तुझां तोंड उघडलां, तूच सांग."

बारशाच्या दिवशी सकाळी पुरोहिताने शुद्ध करून घेतलं, चित्रशाळेतून गणपती आला, माटोळी उशिरा का होईना भरली. गोकुळदास नारळ घेऊन आला होता. तो मी त्याच्या पिशवीत पाहिला आणि मला विहिरीपाशचं बोलणं आठवलं. गणपती बसला तसा तो गाडीकडे गेला, डिकी उघडली आणि चादर सोडून नवा पाट सगळ्यांसमोर ओसरीवर आणून ठेवला.

यशवंत पाटाजवळ आला. नवा पाट कशासाठी करतात ते आमच्याकडे पोरालाही कळतं.

"ह्यो कित्याक?" त्याने विचारलं.

गोकुळदासने नारळाची शेंडी दोनदा पिळली. "जुन्याचो एक पाय वाळवीन खाल्लो," तो म्हणाला. "दिसना नाय तुका? फुडल्या वर्सा मूर्ती पडतली खाली."

जुन्या पाटाचे चारी पाय धडधाकट होते. यशवंताने वाकून एकेक पाय चाचपून पाहिला, सावकाश, आणि मान हलवली. "खरां," तो म्हणाला. "खाल्लो हय." मग त्याने नव्या पाटावर वीत टाकली. "पण ह्यो दोन बोटां रुंद झालो. मखरात कसो बसतलो? मापूक नको?"

"मखर मोठां कर."

"तुझो पाट म्हणान मी मखर मोठां करू?"

तो नारळ बाळाच्या पाळण्यापाशी फुटला.

पुढच्या वर्षी दोघांनी मिळून नवा पाट मूर्तीसाठी चित्रशाळेत नेऊन दिला, आणि दोन बोटांपायी मखराची एक बाजू तासावी लागली. ती यशवंतानेच तासली, आठवडाभर कुरकुरत. तो त्याचा शेवटचा गणपती. २०२४च्या जानेवारीत, एका साध्या तापाचं निमित्त होऊन, तो गेला. होडीचा खेळ तो हयात असेपर्यंत आम्ही एकदाही जिंकलो नाही.

प्रभावती गुडघ्यांमुळे खाली बसत नाही, पण पत्ते खेळते, आणि शेवटचं पान अजून पदराखाली ठेवते. सागर आणि शीतल मुलाला घेऊन मयेला राहायला गेले, सागरची नोकरी तिकडेच आहे. मुलाचं नाव गौरेश. त्याने बारा लाकडी माणसांतली दोन हरवली आणि निळ्या सोंगटीचं डोकं चावून ठेवलं. सेजलने पुण्याच्या कृष्णनाथशी लग्न केलं, तीही आता तिकडेच. चवथीला दोघं येतात आणि दर वर्षी उशिरा येतात.

आणि गोकुळदास. वास्कोची खोली बंद करून तो चोपड्यालाच येऊन राहिला. गणपती आता तोच पोचवतो. भरतीची वेळ त्याने मिनिटासकट कागदावर लिहून खिशात ठेवलेली असते. पाचव्या दिवशी मूर्ती हातांवर घेऊन तो गुडघाभर पाण्यात उभा राहतो, पुलाकडे तोंड करून. सेजलची गाडी म्हापशात अडकलेली असते, नाहीतर सागर मयेहून निघालेलाच नसतो. मागून सगळा वाडा ओरडत असतो, सोडा, सोडा, पाणी उतरलं. मीही ओरडते. तो मागे वळून बघत नाही.

"थांबतंय," म्हणतो.

शेवटची गाडी येते तोवर ओहोटी लागलेली असते. मूर्तीला खोल पाण्यात न्यायला त्याला आणखी वीस पावलं चालावं लागतं, आणि आम्ही सगळे, बाबलीच्या घरच्यांसकट, पोटरीपर्यंत चिखलाने भरून, एकमेकांवर चिडत, एकमेकांना धरून घरी येतो.